रिसॉर्टवरचा निवांत दिवस: पाण्याकडे कोण बघतंय?

मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळीनंतरचे शनिवार-रविवार, या दिवसांत आमच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी एक ठरावीक गर्दी असते. कुणाचा कान दुखत असतो, कुणाचे डोळे लाल झालेले असतात, कुणाची पाठ उन्हाने भाजलेली असते, एखाद्याला रात्रीपासून चार जुलाब झालेले असतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "डॉक्टर, काल सगळे मिळून रिसॉर्टला गेलो होतो."

या तक्रारी दोन-चार दिवसांत बऱ्या होतात. त्यांच्याविषयी शेवटी थोडं लिहिणार आहे. आजचा लेख मुख्यतः अशा एका गोष्टीविषयी आहे, जी घडली तर माणूस सोमवारी दवाखान्यात येऊच शकत नाही.

आधी एक स्पष्ट करतो. रिसॉर्टच्या सहलीला माझा विरोध नाही, उलट मला हा प्रकार आवडतो. विरार-अर्नाळा असो, कर्जत असो, लोणावळा किंवा अलिबाग असो, सकाळी पोहे-मिसळीचा नाश्ता, दुपारी जेवण, चारला चहा-भजी आणि मधला सगळा वेळ पाण्यात, हा दिवस प्रकृतीला चांगलाच असतो. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एकत्र असतात. मोबाईल लॉकरमध्ये जातो (निदान जायला हवा). वर्षभर जिना चढायला कुरकुर करणारे काका तीन-तीन तास पाण्यात हातपाय मारतात. गुडघे दुखणाऱ्या मावशींना पाण्यात चालताना गुडघ्यावर भार येत नाही, म्हणून त्या हसत असतात. औषधाच्या चिठ्ठीवर लिहून द्यावा असा दिवस आहे हा.

माझी तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे. त्या दिवशी सगळेच एका वेळी निवांत होतात.

पंधरा मोठी माणसं आणि एक लहान मूल

काही वर्षांपूर्वीची एक केस सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पाच वर्षांचा मुलगा, एका मोठ्या कुटुंबाबरोबर रिसॉर्टला गेलेला. लहान मुलांचा तलाव, पाणी जेमतेम अडीच फूट. काठावर पाण्यात पाय सोडून तीन मोठी माणसं बसलेली. मुलाची बारा वर्षांची आतेबहीण पोहत त्याच्याजवळ आली. तिला वाटलं तो पाण्याखाली बघण्याचा खेळ खेळतोय. तिने त्याला गमतीने वर ओढलं, तर मान सैल पडली. तिने आरडाओरडा केला, मुलाला बाहेर काढलं, तो खोकला, त्याला उलटी झाली आणि तो रडू लागला. त्या रडण्याइतका चांगला आवाज त्या घराने कधी ऐकला नसेल. एक रात्र ऑक्सिजनवर काढून मुलगा ठणठणीत घरी गेला.

त्याचे वडील मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "डॉक्टर, मी तिथेच होतो. चार पावलांवर." ते खोटं बोलत नव्हते. काठावरच्या एका मावशींनी तेव्हा व्हिडिओ काढला होता, दुसऱ्याच मुलीचा, घसरगुंडीवरून येताना. त्या व्हिडिओच्या कोपऱ्यात हा मुलगा दिसतो. डोकं मागे झुकलेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, दोन वेळा वर, दोन वेळा खाली, मग नुसते केस. सगळं मिळून वीस सेकंदही नसतील. आवाज येतो तो गाण्याचा आणि हसण्याचा. मुलाचा काहीही आवाज नाही. वडील त्याच चौकटीत, पाठमोरे, मेहुण्याशी बोलत बसलेले.

हा व्हिडिओ पाहिल्यापासून सहलीला निघालेल्या प्रत्येक पालकाला मी एक गोष्ट सांगतो. बुडणारं मूल ओरडत नाही.

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, "वाचवा, वाचवा" म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात ओरडायला आधी श्वास बाहेर सोडावा लागतो आणि बुडणाऱ्याचं तोंड पाण्याबाहेर येतं तेवढ्या क्षणात शरीर श्वास आत घ्यायला धडपडत असतं. बोलणं हे श्वासानंतरचं काम. हात वर करून इशारा करणंही त्याला जमत नाही, कारण हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबू लागतात, तोंड वर यावं म्हणून. शरीर पाण्यात उभं राहतं, पाय फारसे हलत नाहीत. अमेरिकेतील एक जीवरक्षक फ्रँक पिया यांनी १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका गर्दीच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून हे पहिल्यांदा नीट मांडलं. पाण्याच्या पृष्ठभागावरची ही धडपड वीस सेकंद ते एक मिनिट एवढीच टिकते, असं त्यांचं निरीक्षण होतं. लहान मुलाच्या बाबतीत ती वीस सेकंदांकडे झुकते. त्यानंतर मूल खाली जातं. मेंदूला प्राणवायू न मिळता चार-पाच मिनिटं गेली की कायमची इजा होऊ लागते.

आता हिशोब करा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या एका मेसेजला उत्तर द्यायला किती वेळ लागतो? भज्यांची प्लेट टेबलावरून आणायला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात तीन लाख माणसं बुडून गेली आणि त्यांत जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात अपघाताने बुडालेल्यांचा आकडा ३८ हजारांच्या पुढे आहे. यांतले बहुतेक मृत्यू विहिरी, तळी, नद्या, कालवे यांत होतात, रिसॉर्टच्या तलावात त्या मानाने थोडे. हे मुद्दाम सांगतो, म्हणजे उगाच घबराट नको. पण विहिरीवर जाताना आपण घाबरतो. निळ्या फरशांच्या, गाणी लावलेल्या तलावाकडे बघून कुणालाच भीती वाटत नाही, आणि म्हणूनच तिथे लक्ष सुटतं.

आमच्या पिढीतले अनेक जण गावाकडे विहिरीत पोहायला शिकले. पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा आणि ढकलून द्यायचं. आजच्या नजरेने ती पद्धत काही आदर्श नव्हती, त्यात मुलं दगावलीही आहेत. पण एक गोष्ट तिथे पक्की असायची. काठावर कुणीतरी एक पट्टीचा पोहणारा चुलता किंवा मामा बसलेला असायचा, आणि त्या वेळी त्याला दुसरं काहीही काम नसायचं. विहीर खोल होती, ती काळीशार दिसायची, त्यामुळे हे कुणाला सांगावं लागत नसे.

पाळी लावा

माझं म्हणणं साधं आहे. पाण्यात मुलं आहेत तोवर एका वेळी एका मोठ्या माणसाने फक्त पाण्याकडे बघायचं. त्याचं नाव सगळ्यांना माहीत हवं. "आपण सगळे आहोतच की" असं म्हटलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. गणपतीत प्रसादाची ताटं कुणी वाटायची हे ठरवलं नाही तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. इथे ताटाऐवजी मूल असतं.

पाळी वीस मिनिटांची ठेवा. त्याहून जास्त वेळ माणसाचं लक्ष एका जागी टिकत नाही. या वीस मिनिटांत मोबाईल नाही, गप्पा नाहीत, फोटो काढणं नाही, डोळ्यांवर टॉवेल घेऊन पडणं तर नाहीच. पाळी बदलताना हातात काहीतरी द्या, म्हणजे "मला वाटलं तू बघतोयस" असं व्हायला नको. एका कुटुंबाने यासाठी आजोबांची टोपी ठरवली होती. ज्याच्या डोक्यावर टोपी, त्याची पाळी. मुलांनाही तो प्रकार आवडला, काका टोपी घालून मोबाईल काढायला लागले की तीच ओरडायची. पाळीवरच्या माणसाला स्वतःला पोहता यायला हवं, निदान त्या तलावात त्याचे पाय टेकायला हवेत आणि त्याने त्या दिवशी थेंबभरही घेतलेली नसावी. बिअर घ्यायची असेल त्यांनी आपली पाळी आधी उरकावी आणि नंतर स्वतःही पाण्यात उतरू नये. मोठ्या माणसांच्या बुडण्यात दारूचा हात किती वेळा असतो, हे कोकणच्या किनाऱ्यावरचा कुठलाही जीवरक्षक सांगेल.

पाच वर्षांखालच्या मुलाला काठावरून बघणं पुरत नाही. मोठ्या माणसाने त्याच्याबरोबर पाण्यात, हात लांबवला तर मूल हाताला लागेल इतक्या जवळ असायला हवं. पाणी गुडघ्याएवढं असलं तरी. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, तोल गेला की ते पालथं पडतं आणि त्याला स्वतःहून उठता येत नाही. घरातल्या बादलीत मुलं बुडतात ती याच कारणाने.

यावर मला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, "डॉक्टर, मग मजा कसली? तिथेही ड्युटीच करायची का?"

मी उलट विचारतो, आज ड्युटी कोण करतंय? पंधरा जणांच्या ग्रुपमध्ये मुलांच्या आया दिवसभर अर्ध्या पाण्यात आणि अर्ध्या काठावर असतात. त्यांचं बोलणं अर्धवट तुटतं, जेवताना मान वळलेली असते. त्या पोहत नाहीत, रेन डान्सला जात नाहीत, आणि तरीही काही झालं तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो, "तुझं लक्ष कुठे होतं?" समजा आठ मोठी माणसं पाळी लावू शकतात आणि मुलं पाच तास पाण्यात आहेत. तीनशे मिनिटं भागिले आठ. प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस मिनिटंही येत नाहीत, म्हणजे जास्तीत जास्त दोन पाळ्या. बाकीचा सगळा दिवस खरोखर मोकळा. आई-बाबा दोघांनाही. यापेक्षा निवांत व्यवस्था मला तरी सुचत नाही.

जीवरक्षक आहे ना!

असतो की. कधी कधी. बऱ्याच ठिकाणी शिट्टी घेतलेला एक मुलगा असतो आणि त्याचं मुख्य काम कुणी सुती कपड्यांत पाण्यात उतरलं आहे का हे बघणं. "नायलॉन कॉस्च्युम कंपल्सरी" या नियमावर तो जितका कडक असतो, तितका दुसऱ्या कशावर नसतो. (तो नियमही योग्यच आहे, सुती कपड्यांचे धागे गाळणीत अडकतात आणि भिजलेली जीन्स किंवा ओढणी पोहणाऱ्याला खाली ओढते.) पण तोच मुलगा मध्येच ट्यूब गोळा करतो, मध्येच गाणं बदलायला जातो आणि दुपारी जेवायलाही जातो. त्याच्या जागी दुसरा येतो का?

बुकिंग करताना आपण काय विचारतो? जेवण व्हेज की नॉनव्हेज, चहाबरोबर भजी आहेत का, लॉकरचे वेगळे पैसे पडतात का. माझी विनंती आहे की फोनवर आणखी तीन प्रश्न विचारा. प्रत्येक तलावावर वेगळा जीवरक्षक असतो का? त्याला कृत्रिम श्वास द्यायचं आणि छाती दाबायचं प्रशिक्षण मिळालं आहे का? तुमच्याकडे ऑक्सिजन आहे का आणि सर्वांत जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे? पलीकडचा माणूस गोंधळला, तर तेही एक उत्तरच झालं. शंभर गिऱ्हाईकांनी हे विचारलं की मालक व्यवस्था करतो, ज्या कारणाने एके काळी जैन जेवणाची व्यवस्था झाली त्याच कारणाने. "पाण्यात स्वतःच्या जबाबदारीवर उतरावे" असा फलक लावला की आपलं काम संपलं, असं मानणाऱ्यांकडे पैसे देऊन जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तलावावर पोहोचलात की आधी एक चक्कर मारा. किती फुटांवर खोली वाढते ते बघा. तळ दिसतोय का ते बघा. पाणी गढूळ असेल तर परत फिरा, कारण तळाशी गेलेलं मूल त्यात दिसणार नाही. तळाच्या जाळीचं झाकण तुटलेलं असेल तर तिथे मुलांना सोडू नका. पाणी ओढून घेणाऱ्या त्या तोंडाशी मुलींचे लांब केस किंवा अंगाचा भाग ओढला जाऊन अपघात झालेले आहेत. अमेरिकेत तर अशा अपघातांमुळे २००७ साली झाकणांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. मुलांचे पोहण्याचे कपडे भडक केशरी, पोपटी, गुलाबी घ्या. निळा आणि पांढरा रंग निळ्या तलावात पाण्याखाली दिसेनासा होतो.

आणि त्या ट्यूब, हाताला लावायचे फुगे, बदकाच्या आकाराची चाकं, ही खेळणी आहेत. त्यांतून मूल खाली सटकतं किंवा उलटं होतं, मग डोकं पाण्यात आणि पाय वर. मोठ्यांना मात्र ट्यूब दिसली की निर्धास्त वाटतं. खरं संरक्षण देतं ते अंगाला नीट बसणारं, बक्कल लावलेलं लाइफ जॅकेट. समुद्रावर बनाना राइडला जाताना बक्कल न लावता नुसतं अंगात अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं.

जेवण झाल्यावरचा तास

"जेवून लगेच पाण्यात उतरू नये, गोळे येतात." हे आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेलं आहे. भरल्या पोटी पोहल्याने कुणी बुडतं, याला शास्त्रीय आधार नाही. फार तर जड वाटेल, मळमळेल. तरीही जेवणानंतर तासभर मुलांना पाण्याबाहेर ठेवा असंच मी सांगेन, पण कारण वेगळं आहे. पुरी-बासुंदी खाऊन झोपाळ्यावर आणि खुर्च्यांवर मोठी माणसं पेंगायला लागतात. जीवरक्षक जेवायला गेलेला असतो. ऊन कडक असतं. मुलांना मात्र अजिबात झोप नसते, ती गुपचूप पाण्याकडे पळतात. मोजदाद करायची सवय ठेवा. एखादं मूल दिसत नसेल तर खोली, बाग, संडास शोधण्याआधी पाणी शोधा. बागेत ते दहा मिनिटांनी सापडलं तरी चालतं.

मोठ्या मुलांचा एक वेगळा प्रकार आहे. बारा ते वीस वयाची चांगली पोहणारी मुलं पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याची शर्यत लावतात. आधी जोरजोरात, भराभर श्वास घेतात, म्हणजे जास्त हवा साठेल. इथेच फसगत होते. भराभर श्वास घेतल्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. आणि "आता श्वास घे" ही तगमग मेंदूला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे कळते. तो आधीच कमी केलेला असल्याने तगमग होत नाही. इकडे प्राणवायू संपत जातो आणि मुलगा पाण्याखालीच, काहीही न कळता, बेशुद्ध होतो. वरच्यांना वाटतं, वा, काय दम आहे! ही शर्यत दिसली की थांबवा. त्या वयाची मुलं ऐकत नाहीत हे मला ठाऊक आहे. त्यांना धाक घालण्याऐवजी हे कारण समजावून सांगा, कारण बहुतेकांना पटतं.

ज्यांना फिट येतात त्यांनी, गोळ्या नियमित चालू असल्या तरी, एकट्याने पाण्यात उतरू नये. सोबत असा माणूस हवा ज्याला त्यांचा आजार माहीत आहे आणि जो त्यांना पाण्यातून बाहेर काढू शकतो. सहलीच्या धावपळीत रात्रीची झोप कमी होते, सकाळची गोळी राहते आणि या दोन्ही गोष्टी फिट यायला पुरतात. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा मणक्याचा त्रास असलेले यांनी उंच घसरगुंड्यांना लांबूनच नमस्कार करावा.

तरीही झालंच तर

मुलाला बाहेर काढा. एकाने १०८ वर फोन करावा. हाक मारा, गालाला, खांद्याला हलवा. शुद्ध नाही आणि श्वास नीट नाही, असं दिसलं तर ताबडतोब सुरुवात करा. बुडालेल्या माणसाला आधी श्वास द्यायचा असतो, कारण त्याचं हृदय प्राणवायू न मिळाल्यामुळे थांबत असतं. हनुवटी किंचित वर करा, नाक चिमटीत धरा, आपल्या तोंडाने त्याचं तोंड पूर्ण झाका आणि छाती वर उचललेली दिसेल इतपत हवा द्या. अगदी तान्हं बाळ असेल तर त्याचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात धरा. असे दोन श्वास द्या, पाच दिले तरी चालतात. मग छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाबा. लहान मुलात छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा मूल हालचाल करेपर्यंत थांबायचं नाही. तोंडातून फेस येत राहिला तरी तो पुसत बसू नका.

आपल्याकडे मात्र काय होतं? कुणीतरी मुलाचे पाय धरून त्याला उलटं लटकवतं. कुणी खांद्यावर पालथं टाकून पळतं, कुणी डोक्यावर घेऊन गरगर फिरवतं, कुणी पोट दाबतं. पोटातून पाणी निघतं, बघणाऱ्यांना वाटतं इलाज लागू पडला. ते पाणी गिळलेलं असतं, जठरातलं. ते राहिलं तर काही बिघडत नाही, उलट दाबल्यावर उलटी होऊन तीच फुप्फुसात जाते. आणि या सगळ्यात जी दोन-तीन मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत. हे शिकायला डॉक्टर व्हावं लागत नाही. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण ठिकठिकाणी असतं. सोसायटीच्या गणेशोत्सवात एक दिवस ऑर्केस्ट्राऐवजी ते ठेवलंत तर मी आनंदाने येईन.

मूल श्वास घेतंय पण शुद्धीत नाही, तर कुशीवर झोपवा. आणि छाती दाबावी लागली किंवा श्वास द्यावा लागला असं कुणीही, नंतर कितीही ठीक दिसलं तरी, रुग्णालयात न्यायचंच.

दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरतो, "ड्राय ड्राउनिंग"चा. पाणी नाकात गेलं, मूल ठीक होतं आणि आठवड्याने झोपेत गेलं, अशी गोष्ट त्यात असते. तो वाचून रात्री अकराला फोन येतात. डॉक्टरांनी हा शब्द वापरणं सोडून दिलं आहे, आणि मूल अनेक दिवस पूर्ण ठणठणीत राहून अचानक असं जात नाही. खरी गोष्ट इतकीच आहे की ज्याचं डोकं पाण्याखाली जाऊन चांगलाच ठसका लागला, त्याला पुढच्या काही तासांत त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून साधारण आठ तास लक्ष ठेवा. खोकला थांबत नाही, श्वास जलद चाललाय, बरगड्यांखाली खड्डे पडताहेत, ओठ निळसर दिसताहेत, वारंवार उलट्या होताहेत किंवा मूल विचित्रपणे सुस्त झालंय, यांतलं काहीही दिसलं तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. परतीच्या गाडीत दिवसभर खेळलेली मुलं झोपतातच, त्यामुळे ज्याने पाणी प्यायलं आहे त्याला मधून मधून हलवून, हाक मारून बघा. नुसता एक घोट पाणी गिळून दोनदा खोकून पुन्हा खेळायला गेलेल्या मुलाची काळजी करू नका.

आणि सोमवारच्या तक्रारी

कानाची पाळी ओढल्यावर किंवा कानासमोरचा उंचवटा दाबल्यावर जोरात दुखत असेल, तर बाहेरच्या नळीला सूज आहे. पाणी राहिल्यामुळे ती होते. पोहून झाल्यावर डोकं एका बाजूला कलवून पाणी निघू द्या, टॉवेलने बाहेरून टिपा. कापसाची काडी, हेअरपिन, गाडीची किल्ली आत घालू नका. कोमट तेलही नको. पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल त्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारल्याशिवाय डोकं बुडवू नये.

डोळे लाल होतात ते "क्लोरीन जास्त होतं" म्हणून, असं सगळे सांगतात. खरं तर क्लोरीनचा घाम आणि लघवीशी संयोग होऊन जी रसायनं बनतात ती डोळ्यांना झोंबतात, तो उग्र वासही त्यांचाच. पाण्यात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ आणि मुलांना तासाभराने संडासला नेणं, हा त्यावरचा उपाय.

वयस्कर मंडळींचा धोका पाण्यात कमी आणि ओल्या फरशीवर जास्त. आजी नातवाला घ्यायला लगबगीने उठतात, पाय सरकतो आणि खुब्याचं हाड मोडतं. त्यांच्या पायात रबरी तळव्याची चप्पल असू द्या आणि रेन डान्सच्या फरशीवर त्यांना "चल गं आई, थोडं नाच" म्हणून ओढू नका. ऊन अकरा ते चार टाळता आलं तर उत्तम, नाहीतर सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. पाण्यात असताना घाम कळत नाही, तहान कळत नाही, म्हणून मधून मधून पाणी, ताक, लिंबूसरबत चालू ठेवा.

शेवटचं जुलाबांचं. तलावातलं पाणी तोंडात गेलं की पोट बिघडू शकतं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी तर नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनमध्येही आठवड्याहून जास्त जिवंत राहतो. म्हणून मुलाला जुलाब चालू असतील तर त्या रविवारी त्याला पाण्यात उतरवू नका, पैसे भरलेले असले तरी. तपासणीत हा परजीवी सापडला असेल तर जुलाब थांबल्यावर आणखी दोन आठवडे तलाव बंद. रिसॉर्टच्या फाटकावर हे कुणी विचारत नाही, ते आपणच बघायचं.